बटणाआधी रीत शिकवा

हे आवाहन कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांना आहे. त्यात क्लास चालवणारे आले, शाळा-कॉलेजातले शिक्षक आले. पण त्यांच्याहून कितीतरी जास्त आहेत ते गरजेपोटी शिकवणारे. आईला बँकेचं ॲप दाखवणारी मुलगी, नव्या सचिवांना मेंटेनन्सच्या बिलांची शीट समजावून देणारे जुने खजिनदार, कार्यालयात ‘सर, जरा इकडे येता का, हे अडकलंय’ म्हटलं की हातातलं काम टाकून उठणारा एखादा. आपल्याकडची कितीतरी माणसं कॉम्प्युटर शिकली ती अशी, कोणीतरी खुर्चीमागे उभं राहून सांगितलं म्हणून. त्या शिकवणीचं मोल मोठं आहे, आणि म्हणूनच तिच्यात काय राहून जातं ते स्पष्ट बोलायला हवं. आपण बटण दाखवतो. काम करायची रीत दाखवत नाही.

उदाहरण नेहमीचंच घेऊ. ४८ सदनिकांची हाउसिंग सोसायटी. एक्सेलची शीट उघडलेली आहे, प्रत्येक सभासदाची एक ओळ. सेवाशुल्क, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पार्किंग, मागची थकबाकी, असे रकाने. सचिव शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन बसले आहेत. पाच आकड्यांची बेरीज कॅल्क्युलेटरवर करतात, उत्तर शेवटच्या रकान्यात टाइप करतात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. त्यांना एक्सेल येत नाही असं अजिबात नाही. मथळा ठळक केलेला आहे, थकबाकीदारांच्या ओळी लाल आहेत, सोसायटीचं नाव मधोमध नीट बसवलेलं आहे. बेरजेचं बटणही त्यांना कोणीतरी दाखवलेलं आहे. तरीही कॅल्क्युलेटर बाजूला गेलेला नाही, कारण त्यांच्या लेखी ही शीट म्हणजे जाड पुठ्ठ्याचं रजिस्टरच आहे, फक्त पडद्यावरचं. रजिस्टरात आकडा लिहिला की तो तिथेच राहतो. तो कुठून आला हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं. एक्सेलमध्ये ते ‘कुठून आला’ हेच लिहून ठेवता येतं, आणि ते लिहायचं असतं, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेलीच नाही.

स्प्रेडशीट जन्माला आली तीच मुळी यासाठी. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना वर्गात फळ्यावर मोठमोठे तक्ते मांडले जायचे. त्यातला एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे पुन्हा लिहिणं यंत्राने करावं, ही त्याची कल्पना. बॉब फ्रँकस्टनने तिचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ बाजारात आलं. पुढच्या सगळ्या स्प्रेडशीट त्याच कल्पनेवर उभ्या आहेत. म्हणजे सचिवांच्या शीटमध्ये रंग आहेत, रेघा आहेत, पण ज्यासाठी हे साधन बनलं तेवढंच नेमकं नाही.

आता समजा, सर्वसाधारण सभेने थकबाकीवरचं व्याज बदललं. आतापर्यंत ते वार्षिक २१ टक्के सरळ व्याजाने लावलं जात होतं. सभेने ठरवलं की यापुढे १८ टक्के. रजिस्टरसारख्या शीटमध्ये प्रत्येक थकबाकीदाराचा हिशेब पुन्हा करावा लागणार. ज्याला सूत्र लिहिता येतं, पण ज्याने २१ हा आकडा प्रत्येक सूत्राच्या आत लिहून ठेवला आहे, तोही अडकणार. ४८ ओळींतली एखादी सुटली तर सुटली. मात्र ज्याने शीटच्या वरच्या बाजूला ‘व्याजदर’ असं लिहून शेजारच्या एका चौकटीत २१ ठेवला आणि सगळ्या सूत्रांना त्या चौकटीकडे बघायला सांगितलं, त्याला फक्त २१ चे १८ करायचे आहेत. तिघांनाही बटणं जवळजवळ सारखीच येतात. फरक आहे तो रीतीचा: जी गोष्ट एक आहे ती एकाच ठिकाणी लिहायची, बाकी सगळ्यांनी तिथून घ्यायची.

यावर संशोधनही झालं आहे. सुरेश भवनानी आणि बॉनी जॉन या दोन संशोधकांनी कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडे काढायच्या प्रोग्रॅमवर, काम करणारे वास्तुविशारद कसे वागतात ते बारकाईने पाहिलं आणि २००० साली त्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं: माणसं अनुभवी, प्रशिक्षण घेतलेली, आज्ञा पाठ असलेली, तरी काम लांबच्या वाटेने करणारी. एकसारख्या तीन खिडक्या काढायच्या असतील तर तिन्हींच्या कमानी आधी, मग तिन्हींच्या उभ्या रेघा, असं चाललेलं. एक खिडकी पूर्ण करावी, तिचे सगळे भाग एकत्र बांधावेत आणि मग तिच्या दोन प्रती ठेवाव्यात, हे सुचत नव्हतं. का सुचत नव्हतं? कारण ड्रॉइंग बोर्डवर, टी-स्क्वेअर हातात असताना, कमानी एकदम आणि रेघा एकदम काढणं हीच शहाणपणाची रीत होती. कागदावर तयार खिडकीची प्रत काढता येत नाही. जुन्या साधनावरची चांगली सवय नव्या साधनावर वेळ खाऊ लागते, आणि सवय असल्यामुळे ती चूक आहे असं वाटतही नाही.

मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने शिकणाऱ्याकडे बघायची आपली नजर बदलते. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेले सचिव आळशी नाहीत, मंद तर नाहीतच. त्यांनी आयुष्यभर बँकेत किंवा कचेरीत चोख हिशेब ठेवले आहेत. प्रत्येक आकडा स्वतः पडताळून लिहायचा, ही त्यांची शिस्त आहे. ती मोडून काढायची नाही, तिला नवी जागा द्यायची आहे.

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमामुळे लाखो माणसांच्या बोटांतली भीती गेली. गावोगावी केंद्रं निघाली. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागतं म्हणून का होईना, माणसं कीबोर्डसमोर बसली. हे मोठं काम झालं. पण कुठलाही पहिला अभ्यासक्रम फाइल उघडणं, सेव्ह करणं, अक्षर ठळक करणं इथून सुरू होणार आणि परीक्षाही त्याचीच घेणार. त्यापुढचं, म्हणजे या सगळ्यातून आपलं काम कसं रचायचं, हे माणूस बहुधा कामाला बसल्यावरच शिकतो. आणि तिथे त्याच्या शेजारी आपण असतो.

मग शिकवायचं काय? मोजक्याच गोष्टी, पण मुरेपर्यंत.

पहिली वर आलीच: एक गोष्ट एकाच ठिकाणी. ती एक्सेलपुरती नाही. मंडळाची स्मरणिका किंवा एखादा प्रबंध वर्डमध्ये टाइप होताना बघा. प्रत्येक प्रकरणाचं शीर्षक सिलेक्ट करून मोठं केलं जातं, ठळक केलं जातं. शेवटी अनुक्रमणिका हाताने: प्रकरणाचं नाव, मग टिंबं, टिंबं, टिंबं आणि पानाचा आकडा. टिंबांच्या ओळी सरळ याव्यात म्हणून स्पेस मारून मारून जीव जातो. मग अध्यक्षांचं मनोगत ऐनवेळी दोन परिच्छेदांनी वाढतं, पुढची सगळी पानं सरकतात आणि अनुक्रमणिकेतला एकही आकडा बरोबर राहत नाही. इथे ‘हेडिंग १’ ही स्टाइल कुठे असते हे दाखवणं सोपं आहे. सांगायचं असतं ते वेगळंच: ‘हे अक्षर मोठं कर’ असं वर्डला सांगू नका, ‘हे शीर्षक आहे’ असं सांगा. मग शीर्षक कसं दिसावं हे एकदाच ठरवता येतं, आणि शीर्षकं कुठल्या पानांवर आहेत हे वर्डला ठाऊक असल्यामुळे अनुक्रमणिका तोच करून देतो. व्याजदराची चौकट आणि शीर्षकाची स्टाइल या दोन्हींत एकच विचार आहे. तो शिकणाऱ्याच्या लक्षात आला की तिसऱ्या प्रोग्रॅममध्ये तो स्वतःहून विचारतो, ‘इथे हे एकदाच कुठे सांगायचं?’ हा प्रश्न आला म्हणजे शिकवणं पोचलं समजा.

मराठीत टाइप करणाऱ्यांना याच रीतीचा एक भाग वेगळा सांगायला हवा. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तो उघडला की वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि त्यात ‘पाटील’ शोधायला गेलं तर सापडत नाहीत. युनिकोडमध्ये लिहिलं की ‘प’ हा ‘प’च राहतो; तो कसा दिसावा ते फॉन्ट ठरवतो. इनस्क्रिप्टने लिहा, फोनेटिकने लिहा, बोटांना जे जमेल त्याने. पण मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फायली ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या आताच रूपांतरित करून घ्याव्यात. ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे ते चालू आहे तोवर हे काम सोपं आहे.

दुसरी रीत, ओळखण्यासाठीचा क्रमांक आणि हिशेबाचा आकडा वेगळे ठेवायचे. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण यातून होणारं नुकसान खरं असतं. बँक खात्याचा क्रमांक, मोबाइल, पिनकोड यांची कोणी बेरीज करत नाही. ती अंकांत लिहिलेली नावं आहेत. एक्सेलला हे कळत नाही. त्याला दिसले अंक की तो संख्या मानतो: सुरुवातीचं शून्य गाळतो आणि १५ अंकांच्या पुढचे अंक शून्य करून टाकतो. आपल्याकडे काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी किंवा त्याहून लांब असतात. बचत गटाच्या ताई महिलांची यादी काळजीपूर्वक टाइप करतात, पडद्यावर काही तक्रार येत नाही आणि यादीतले शेवटचे अंक बदललेले असतात. म्हणून टाइप करायच्या आधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करायचा. नंतर केला तर गेलेले अंक परत येत नाहीत. एक्सेलचा हा उत्साह किती दूर जातो बघा: काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावं तो तारखा समजून बदलत होता, आणि २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने त्यांची नावंच बदलून घेतली.

तिसरी रीत पडताळ्याची. इथे त्या हिशेबी सचिवांची शिस्त कामाला येते. बेरीज यंत्राने करावी; पण बेरीज कुठपासून कुठपर्यंत धरली आहे हे माणसाने बघावं. नवा सभासद यादीच्या अगदी खाली जोडला आणि बेरजेचं सूत्र वरच्याच ओळीपाशी थांबलं, असं घडू शकतं. मोठमोठ्यांचं झालं आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा निबंध जगभर धोरणांच्या चर्चेत वापरला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची शीट मागवून पाहिली, तेव्हा इतर आक्षेपांबरोबर हेही निघालं की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी धरल्याच गेल्या नव्हत्या.  इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरअखेर करोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमधून नेली जात होती आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांना कळवायला उशीर झाला. किती ओळी आत गेल्या आणि किती बाहेर आल्या, एवढं मोजणं हाच अशा ठिकाणचा उपाय. सोसायटीत तो असा: शीटच्या खाली ‘एकूण सदनिका’ मोजणारी एक चौकट ठेवा. तिच्यात ४८ दिसत नसेल तर बिलं छापू नका.

बाकीच्या रीती भरभर सांगता येतील. एकाच प्रकारचा बदल अनेक ठिकाणी करायचा असेल तर आधी ती सगळी ठिकाणं एकत्र पकडा, मग बदल एकदाच करा. फिल्टर आणि ‘फाइंड-रिप्लेस’ त्यासाठीच आहेत. मूळ माहिती एका शीटवर जशी आली तशी राहू द्या, खेळ दुसऱ्या शीटवर करा. ४८ सभासदांना तीच नोटीस वेगवेगळ्या नावाने पाठवायची असेल तर मेल मर्ज शिका, एक दुपार जाईल पण वसूल होईल.

कीबोर्ड शॉर्टकटची लांबलचक यादी मात्र कोणाला देऊ नका. शॉर्टकटने सेकंद वाचतात. शिकणाऱ्यावर ओझं होतं आणि आपल्याला वाटतं की आपण पुष्कळ शिकवलं. अपवाद फक्त कंट्रोल-झेडचा. ते पहिल्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत शिकवा. केलेलं मागे घेता येतं हे हाताला कळल्याशिवाय माणूस मोकळेपणी काही करून बघत नाही.

इथे कोणी म्हणेल, आधीच वेळ नाही, त्यात हे तत्त्वज्ञान कुठे शिकवत बसायचं? माणसाला बिलं उद्या काढायची आहेत. भवनानी आणि जॉन यांनी फ्रेडरिक राइफ यांच्याबरोबर हेही तपासलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वर्ड, एक्सेल आणि युनिक्स शिकवताना एका गटाला नुसत्या आज्ञा शिकवल्या, दुसऱ्याला तेवढ्याच तासांत आज्ञा आणि रीती दोन्ही. दुसऱ्या गटाला रीती आल्या, आणि आज्ञांमध्ये तो मागे पडला नाही. वेळ वाढवावा लागत नाही. आहे त्या वेळात आधी ‘का’ सांगावं लागतं.

शिकवणं कधी करायचं, यालाही महत्त्व आहे. जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ सालीच लिहून ठेवलं की माणसं मॅन्युअल वाचत नाहीत. त्यांना हातातलं काम पुरं करायचं असतं आणि माहीत असलेली पद्धत पुरेशी वाटली की ती नवीन शिकायला थांबत नाहीत. हा स्वभाव बदलायच्या भानगडीत पडू नका. व्याजाचा दर खरोखर बदलला की त्या आठवड्यात जा. स्मरणिकेची पानं सरकली त्या संध्याकाळी बसा. काम अडलेलं असताना दहा मिनिटांत जे कळतं ते रविवारच्या तीन तासांच्या वर्गात कळत नाही.

बसाल तेव्हा त्यांची स्वतःची फाइल घ्या, आणि तिची आधी प्रत करून घ्या, म्हणजे बिघडली तरी बिघडू द्यायची मुभा राहील. माउस त्यांच्याच हातात राहू द्या. आपल्याला वेगाने जमतं म्हणून हात पुढे जातो, आणि समोरच्याला दिसतं ते फक्त पडद्यावर पळणारं टोक. ‘किती सोपं आहे हो’ हे वाक्य टाळा; ज्याला जमत नाही त्याला ते लागतं. घरात तर जास्तच. ‘बाबा, काल तर सांगितलं होतं तुम्हाला’ हे ऐकलेले बाबा दुसऱ्यांदा विचारत नाहीत, आणि मग शेजारच्या मुलाला दहा रुपये देऊन वीजबिल भरायला लावतात. काही दाखवण्याआधी एक प्रश्न विचारा: यातलं काय बदलत राहणार आहे? त्यांना कामाची खडान्‌खडा माहिती असते, त्यामुळे उत्तर ते देतात. दर बदलतो, सभासद बदलतो, पार्किंग बदलतं. नाव आणि सदनिका क्रमांक सहसा बदलत नाहीत. त्या उत्तरातूनच शीट कशी मांडायची ते ठरतं. मग दराची चौकट त्यांनाच बदलायला लावा आणि खालचे आकडे हलताना बघू द्या. तिथे तुम्ही बोलू नका.

आईच्या मोबाइललाही हेच लागू आहे. पुष्कळ आया डायरीत लिहून घेतात: निळं चित्र दाबायचं, मग खालून दुसरं. ॲप अपडेट होतं, निळ्याचं जांभळं होतं आणि डायरी निकामी होते. तिच्याकडून वेगळं लिहून घ्या: पैसे कोणाला जाणार त्याचं नाव वाचायचं, रक्कम वाचायची, मग पिन. आणि त्याखाली एक ओळ मोठ्या अक्षरात: यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, यायला कधीच लागत नाही. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ म्हणणारा प्रत्येक फोन खोटा आहे. हे कुठल्याही ॲपमध्ये, कुठल्याही अपडेटनंतर तिच्या उपयोगी पडेल.

एवढं करून झालं की शिकणाऱ्याला त्याच फाइलमध्ये सगळ्यात पुढे एक पान घालायला सांगा. दर कुठे आहेत, कुठल्या रकान्यात हाताने लिहायचं, कुठल्यात सूत्र आहे म्हणून हात लावायचा नाही, बिलं छापण्याआधी काय तपासायचं, हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावं. तुम्ही सांगून लिहवून घेऊ नका. जिथे त्याची लेखणी अडेल तिथे शिकवणं कमी पडलं आहे. पुढच्या वेळी तिथून सुरुवात करा. आणि समितीची निवडणूक होऊन नवे सचिव आले की फाइल पेनड्राइव्हवर नुसती देऊन मोकळं होऊ नये. जुन्या सचिवांनी तासभर काढावा, ते पहिलं पान उघडावं आणि नव्यांना आपण होऊन शिकवावं. तोवर त्यांना ते जमत असेल.